भिंतीवरची माडी

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे पेंटरकाकू म्हणत. जिभेला हाड नाही, पण हातात जादू! किल्लीवाल्याच्या पाटीवर तिने काढलेलं कुलूप बघून गिऱ्हाईकं दुकान बंद समजून परत जायची.

नवऱ्याने माडी बांधायला घेतली, समोरची भिंत तेवढी वर नेली आणि पैसे संपले. पुढे तोही गेला. राहिली ती उंच, कोरी भिंत आणि मागे नुसतं आभाळ. बघवेना, तेव्हा काकू शिडीवर चढली आणि त्या भिंतीवर सज्जा, उघड्या खिडक्या, उडता पडदा, सगळं रंगवून मोकळी झाली.

नगरपालिकेच्या निरीक्षकाने स्कूटरवरून न उतरताच फोटो काढला आणि घर दुमजली ठरवलं. घरपट्टी अशी वाढली, की भरायची तर पुढची खोली भाड्याने द्यावी लागणार. आणि काकूचं सगळं काम त्याच खोलीत! खोली गेली की धंदा बसलाच.

"अगं, भर मुकाट्याने," बहीण म्हणाली. "सत्तेपुढे शहाणपण चालत नाही."

"नसलेल्या माडीची पट्टी भरू? माझं काय डोकं फिरलंय?"

काकूने हरकतीचा अर्ज ठोकला. सुनावणीत नगरपालिकेच्या साहेबांनी फोटो पुढे सरकवला. "खिडक्या दिसतायत की, बाई."

"दिसतात ना? मग या आणि लावून दाखवा!"

साहेबांनी हसू दाबलं. "हे बघा, त्या भिंतीला चुना मारा. नवा फोटो काढू, पट्टी कमी करू. मिटलं."

वाट सोपी होती, कोणीही धरली असती. काकूचा मात्र पारा चढला. "चूक तुमची आणि पुसायचं मी? चोर सोडून संन्याशाला फाशी! चित्र आहे तिथेच राहील. तुम्ही या बघायला."

साहेब आले, निरीक्षकालाही घेऊन आले. अख्खी गल्ली बाहेर. काकूने स्वतः शिडी लावून दिली. निरीक्षक चढला, खिडकीवर हात फिरवला, भिंतीपलीकडे डोकावला. पलीकडे छपराचे पत्रे, बस्स. गल्लीत असा हशा पिकला, की बिचारा उतरताना पायरी चुकला.

साहेबांनी उभ्या उभ्या दुरुस्ती लिहिली.

"मोठ्याने वाचा, साहेब. दुमजली म्हणून माझा गल्लीभर बोभाटा झालाय, आता हेही गल्लीला ऐकू दे."

साहेबांनी घसा खाकरला. "सदर घर एकमजली. वरचा मजला अस्तित्वात नाही."

जिंकली होती ती. तरी ते ऐकताना काकूची नजर वर, रंगवलेल्या खिडक्यांकडे गेली. इतकी वर्षं शेजारीपाजारी, बहीण, ती स्वतःसुद्धा, 'माडी राहिलीय, होईल पुढेमागे' असंच म्हणत आले होते. नाही असं तोंडाने कोणी म्हटलं नव्हतं.

काकू साहेबांकडे वळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "करा सही."