साडभाऊंचा सीझन

संगीताने जिवाला आराम पडतो, हे ज्याला प्रत्यक्ष अनुभवायचं असेल त्याने आमच्या साडभाऊंची मैफल ऐकावी. आराम ती संपल्यावर पडतो, एवढंच. परीक्षेचा शेवटचा पेपर, दुखरी दाढ निघणं, मुक्कामी पाहुण्यांना बसमध्ये बसवून देणं, ही सगळी सुखं मी भोगली आहेत. पण साडभाऊ व्हायोलिन मांडीवर ठेवून डोळ्यांवरचा चष्मा काढतात तेव्हा जे वाटतं, त्याची सर कशालाच नाही. चष्मा काढणं ही रचना संपल्याची खूण. ती ठरवून द्यावी लागली, कारण त्यांच्या रचनांमध्ये मध्येच लांबलचक शांतता असते, आणि लोक तेवढ्यात टाळ्या वाजवून चपला शोधायला लागतात. तेव्हापासून त्यांच्या सौंसर गावचे रसिक वाद्यांकडे न पाहता चष्म्याकडे पाहत बसतात. तो उतरला की चहूकडून एकच शब्द ऐकू येतो, "सुटलो!"

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे ज्याला साडू म्हणतात ते. तेही मला साडभाऊच म्हणतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणून गावाचे ते गुर्जी. संत्र्याचा छोटा बगीचा आहे आणि चौघांचा एक वाद्यमेळ आहे. व्हायोलिनवर ते स्वतः, लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरनेटवाला, भजनी मंडळातून फोडून आणलेला पेटीवाला आणि एक तबलजी. हे चौघं भजन वाजवत नाहीत, सिनेमातलं वाजवत नाहीत, जुनं म्हणून काहीच वाजवत नाहीत. फक्त साडभाऊंनी नव्याने रचलेलं, आणि तेही एकदाच. "एकडाव वाजलं का जुनं झालं," असं त्यांचं म्हणणं. यावर ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, विचारलं होतं, "मंग सकाळची भाजी सांजी कशी चालते तुमाले?" साडभाऊ लगेच म्हणाले, "तुह्या हातची भाजी जुनी होतच नाई." अशा माणसाला घरात कसली अडचण येणार!

सौंसरात सीझन एकच, संत्र्याचा. साडभाऊंनी आपल्या कार्यक्रमांनाही तेच नाव दिलं. तोडणीची गर्दी ओसरली की पॅकिंगच्या शेडमध्ये संत्र्याची प्लास्टिकची कॅरेटं उपडी टाकायची आणि त्यावर श्रोते बसवायचे. एकदा बाहेरगावचा एक संत्राव्यापारी घरी आला आणि त्याने चहा घेता घेता विचारलं, "गुर्जी, सीझन कसा काय?" साडभाऊ खुलले. म्हणाले, "यंदा चार धरले. तीन तयार हायेत, एक अजून कच्चा हाये." व्यापारी म्हणाला, "माल कुठं हाये?" साडभाऊंनी कपाळाला बोट लावलं, "सारा इथंच." व्यापारी अर्धा चहा तसाच ठेवून उठला तो परत आला नाही.

कानाने मात्र भारी नाजूक. घरात मिक्सर लागला की हे अंगणात. बगीच्यातल्या पंपाचा सूर उतरला म्हणून एकदा मिस्त्री बोलावला. तो बिचारा चक्रावून म्हणाला, "गुर्जी, पानी त येऊन राहिलं ना!" गेल्या वर्षी आमच्या पांढुर्ण्याला माझ्या पुतणीच्या लग्नात डीजेच्या पेट्या उतरताना पाहिल्या मात्र, यांनी आमच्या शेतातल्या घरच्या कापसाचे दोन बोळे वळून कानात घातले आणि दिवसभर कोणी काही बोललं की नुसते हसत राहिले. वरपक्षाकडच्या बायकांत "माणूस मोठा समजूतदार हाये" अशी त्यांची कीर्ती झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सीझनची तालीम सुरू झाली आणि क्लॅरनेटवाल्याचे ग्रह फिरले. तो बसायचा साडभाऊंच्या डाव्या हाताला. "अरे, तू फुकून राहिला का झोपून राहिला?" असं त्याला दर पाच मिनिटांनी ऐकावं लागे. "गुर्जी, मी त पुरी जान लावून राहिलो," असं तो रडवेला होऊन सांगे, आणि मानेच्या शिरा तटतटेपर्यंत फुंके. मग एका सकाळी ताई डावीकडे उभ्या राहून चहाला हाका मारत होत्या आणि साडभाऊ ढिम्म. त्या समोर आल्या तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पांढुर्ण्याला माझ्याकडे आले. "साडभाऊ, डाव्या कानानं ऐकू नाई येऊन राहिलं मले. त्या पोराले फोकट बोललो." मग उजव्या कानाला हात लावून म्हणाले, "उद्या उजवाही गेला त? नवं सुचन मले, पर ते वाजलं का नाई वाजलं, हे मले कोन सांगन?" त्यांची थट्टा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण त्या दिवशी मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. सीझनचा शेवटचा कार्यक्रम त्यांनी रद्द केला. खरं तर गावाने पेढे वाटायचे, पण सौंसरच्या स्टँडवरच्या चहावाल्याने मला अडवून विचारलं, "गुर्जीचा शेवटचा प्रोग्राम नाई म्हनते यंदा. मंग आमी सुटाव कसं?"

मी त्यांना नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बसमध्ये ते उजवा कान खिडकीला लावून, डोळे मिटून बसले होते. जेवढं ऐकून घेता येईल तेवढं साठवून ठेवत होते. मला फार वाईट वाटत होतं.

डॉक्टरांनी बॅटरी लावून कानात पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि चिमटा उचलला. तेलात भिजलेलं, काळं पडलेलं काहीतरी हळूहळू बाहेर आलं. "कापूस आहे," डॉक्टर म्हणाले.

लग्नातला! रात्री जेवायला बसताना साडभाऊंनी उजवा बोळा काढला होता, डावा विसरले होते. आणि पुढे कान दुखतो म्हणून रोज तेल सोडून त्यांनी तो आत आत मुरवला होता. साडभाऊंनी त्या बोळ्याकडे निरखून पाहिलं. "घरचा हाये," ते डॉक्टरांना अभिमानाने म्हणाले, "धागा पाहा केवढा लंबा हाये." आणि मग एकदम छताकडे पाहून, "तुमचा पंखा करकर करून राहिला." त्यांची कुठलीही तक्रार मला आजवर एवढी गोड लागली नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं म्हातारे हसून हसून खाली बसलो.

शेवटचा कार्यक्रम झाला. रचना त्याच वाईट दिवसांतली होती. बाकीची वाद्यं एकेक करून थांबतात आणि डावीकडून क्लॅरनेटचा एकच बारीक सूर तेवढा उरतो. बोळ्याची गोष्ट गावभर झाली होती, लोक हसायचं म्हणूनच आले होते. पण त्या सुराला साडभाऊंनी डोळे मिटून डावा कान पुढे केला, आणि शेडमध्ये एकही कॅरेट करकरलं नाही.

चष्मा उतरला. कोणी "सुटलो" म्हटलं नाही. टाळी नाही, कोणी उठलं नाही. साडभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने करंगळी आधी डाव्या कानात घातली, मग उजव्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे वाकले. "साडभाऊ, टाळ्या वाजून राहिल्या का? मले ऐकू नाई येऊन राहिलं."

"कोनी वाजवूनच नाई राहिलं," मी म्हणालो. "सारे चुपचाप बसले हायेत."

"खरं सांगता?"

"तुमची शपथ."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "सुटलो बाप्पा!"

मागून चहावाल्याचा आवाज आला, "गुर्जी, हेच आनखीन एकडाव होईन का?"

साडभाऊंनी आमच्याकडे पाहिलं, क्लॅरनेटवाल्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. स्टँडवरून पांढुर्ण्याची शेवटची बस निघाल्याचा हॉर्न मला स्वच्छ ऐकू आला. मी उठलो नाही.