शेतमजुराचा हप्ता

कागदाशी इतकं इमान राखणारा माणूस सौदीतल्या या अख्ख्या हुफूफमध्ये दुसरा नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरचे मामू मूळचे श्रीवर्धनकडचे, धंद्यानं एसी मेकॅनिक, आणि हात असा की नुसत्या घरघरीवरून यंत्राचं दुखणं सांगतील. पण बावीस वर्षांपूर्वी ते आले तेव्हा त्यांच्या कफीलाकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या मालकाकडे, खजुराच्या बागेसाठीचा एकच व्हिसा शिल्लक होता. त्यामुळे इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, पेशा पडला शेतमजूर, आणि तो तसाच राहिला. असे लोक इथे पैशाला पासरी. आमच्याच इमारतीतला एक ‘सुतार’ संगणक दुरुस्त करतो आणि एका ‘गवंड्या’चं खानावळीत झकास चाललंय. त्यांच्या झोपेचं कधी खोबरं झालं नाही. मामूंचं मात्र झालं. इकामा खोटा पडू नये म्हणून हे गृहस्थ दर शुक्रवारी पहाटे कफीलाच्या बागेत जाऊन आळी करतात, वाळक्या झावळ्या तोडतात. एकदा तिथेच पडून कंबर धरली, तेव्हा शेक द्यायला मीच होतो. म्हटलं, “मामू, कोण बघायला येणार आहे?” तर कण्हत म्हणाले, “कागद बघतो ना.” मी इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. सगळी इमारत मला प्रेमानं डॉक्टर म्हणते. मामूंनी एकदा माझा इकामा मागून वाचला आणि तेव्हापासून मी त्यांचा ‘फिजिओभाय’ झालो.

गाडीचा विमा काढायला ते दरवर्षी माझ्याकडे येतात आणि मी लॅपटॉप उघडतो. अर्जात पेशा विचारलेला असतो. एके वर्षी माझं बोट चुकून भलत्याच ओळीवर पडलं आणि हप्ता झटकन वर चढला. मग काय विचारता! त्या संध्याकाळी मामू शिक्षक झाले, इंजिनिअर झाले, दंतवैद्य झाले, दहाएक मिनिटं तर विमानाचे पायलटही होते. माझा चहा निवून गेला. शेवटी असं निघालं की शेतमजूर स्वस्त आणि मेकॅनिक महाग. “बरोबर हाय कंपनीचं,” मामूंनी निकाल दिला. “गडी बागेत राबतो, गाडी झाडाखाली उभी. मेकॅनिक दिवसभर रस्त्यावर. मग ठोकणार कोण?” इकाम्यावर होतं तेच भरायचं, म्हणून मी शेतमजूर भरलं. झालं, मामूंच्या जिवाला नवा घोर लागला. हप्ता स्वस्तातला भरायचा आणि गॅसची टाकी नि शिडी घालून गाडी गावभर पिटाळायची, ही कंपनीची फसवणूकच नव्हे का? उपाय त्यांनीच शोधला. गाडी शेतमजुरासारखी चालवायची, म्हणजे ट्रॅक्टरच्या चालीनं. एकदा मी शेजारी बसलो होतो. मागून हॉर्नचा नुसता कालवा. एक पिकअपवाला काच खाली करून “यल्ला! यल्ला!” करत पुढे गेला. त्याच्या पिकअपमध्ये एक उंट बसला होता, तोही मान वळवून आमच्याकडे बघत गेला. मी म्हटलं, “मामू, जरा दाबा की!” तर म्हणतात, “शेतमजुराचा हप्ता भरलाय, फिजिओभाय. मेकॅनिकच्या वेगानं कसा जाऊ?” तिकडे बंद एसीखाली गिऱ्हाईक उकडून निघायचं, पण पुढच्या खेपेला बोलवायचं यांनाच.

गेल्या वर्षी कफीलानं आपण होऊन सांगितलं की कामाची परीक्षा पास झालास तर पेशा बदलून देतो. मला वाटलं, मामू उडीच मारतील. ते आले ते तोंड पाडूनच. सातवीनंतर त्यांनी परीक्षेचं तोंड पाहिलं नव्हतं.

“नापास झालो तर?”

“तर पुन्हा द्यायची.”

“तसं नाय. नापास झालो तर इतकी वर्षं मी होतो कोण? धड शेतमजूर नाय, धड मेकॅनिक नाय.”

मी लॅपटॉपवर परीक्षेचे प्रश्न उघडले. महिनाभर मी प्रश्न विचारत होतो आणि ते डोळे मिटून हवेत पाना फिरवत उत्तरं देत होते. त्यांना शब्द आठवायचे नाहीत, पण हातांना सगळं आठवायचं. परीक्षा दिली. पास झाले. नवा पेशा फोनवरच्या इकाम्यात उमटला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुसून तो तीनदा वाचला.

पाठोपाठ विम्याची मुदत संपली. अर्जात मेकॅनिक भरलं आणि हप्ता चांगलाच चढला. मी म्हटलं, आणखी दोन-चार कंपन्या बघू. ते “र्‍हावंदे” म्हणाले आणि त्यांनी श्रीवर्धनला मामींना स्पीकरवर फोन लावला.

“गाडीचा हप्ता वाढलाय गं.”

“का? ठोकलीत काय कुठं?”

“नाय गं. आता कागदावर मी मेकॅनिक हाय. मेकॅनिकला जास्त पडतो.”

 तिकडचं घर मामूंच्या पैशावर चालतं, तेव्हा आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण मामी एवढंच म्हणाल्या, “मग भरा.”

मामूंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच चहा टाकायला उठलो. मला फार आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. पुढच्या वर्षी मामू कायमचे गावी जाणार आहेत. मेकॅनिक म्हणून त्यांनी भरलेला हा पहिलाच हप्ता, आणि आता बहुधा शेवटचाही.