रोज एक हात

खांबकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. बस खात्यात थांब्यांचे खांब रोवायचे आणि उपटायचे, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. म्हणून लोकांनी नाव पाडलं. माणूसही खांबासारखाच सरळ. हुकूम झाला की पाळायचा, का ते विचारायचं नाही.

टायरच्या दुकानासमोरचा थांबा ऐन वळणावर होता. तो गल्लीच्या तोंडाशी न्यायचं ठरलं, आणि तिथे तर खांबकरचंच घर! त्याची बायको हरखून गेली. तिच्या गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारला होता. टायरवाल्यापर्यंत जाणं तिला जमत नव्हतं. तिची ताई याच गाडीच्या शेवटच्या थांब्यापाशी अंथरुणाला खिळून होती.

पण खात्यात दोन तट पडले. एक म्हणे सुधारणा झटक्यात करा, दुसरा म्हणे लोकांना सवय होऊ द्या. मोठ्या साहेबांनी सुवर्णमध्य काढला: खांब रोज एक हात सरकवायचा.

झालं! खांबकर रोज सकाळी खांब उपटी, हातभर पुढे रोवी, जुना खड्डा बुजवी. गाडीही इमानदारीत खांबापाशीच थांबे. काही दिवस थांबा न्हाव्याच्या दारात होता; भिडस्त प्रवासी दाढी करूनच गाडीत चढत. पुढे तो कचराकुंडीला टेकला, तेव्हा रांग नाक धरून उभी राहिली. तक्रार मात्र एकाचीही नाही. हातभर जागेसाठी कोण भांडणार?

बायको दारात बसून खांबाची वाट बघे.

"अहो, एक दिवस दोन हात सरकवलात तर आभाळ कोसळेल का?"

"हुकूम एका हाताचा आहे."

"चुलीत घाला तो हुकूम! ताई माणसं विसरायला लागलीय. मला विसरल्यावर जाऊन काय करू?"

खांबकर तडक उठला, खांब उपटून खांद्यावर टाकला आणि थेट आपल्या दारात आणून रोवला. बायको गाडीत बसून गेली. ताईने तिला ओळखलं, वर जुन्या भांडणाची आठवणही करून दिली.

दुसऱ्या दिवशी गहजब! प्रवासी म्हणाले, आम्हाला धक्का बसला. साहेबांनी खांबकरला उभा-आडवा घेतला.

"खांब आधी टायरवाल्यासमोर, मूळ जागी ने!"

तो निघाला, तसे साहेब गरजले, "आणि तेही घाईने नको! रोज एक हात!"

अशा शहाणपणापुढे हात जोडावेत, दुसरं काय! खांब उलटा निघाला, आणि त्याच्यामागे बायको निघाली. ताईकडे जायचं म्हणून कालच्यापेक्षा जरासंच जास्त चालायची, कण्हत, खात्याला शिव्या घालत. खांबकरला रोज सकाळी खांब उपटताना वाटायचं, की आज हिला जमणार नाही.

शेवटी टायरच्या दुकानासमोर त्याने खांब रोवला, माती दाबली आणि मान वर केली. बायको समोर उभी होती, स्वतःच्या पायांवर. त्याला रडू आवरेना.

"रडताय काय असे?" ती म्हणाली. "गाडी आलीय, हात दाखवा!"