पडद्यांसमोरची बाई

मद्रासच्या इस्पितळात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भ्रमात ते सारखे खाटेवरून उतरू पाहायचे. वॉर्डात नातेवाइकांना मनाई होती, पण नवे कॅमेरे बसवले होते. खालच्या खोलीत पन्नाशीची एक बाई सहा पडद्यांवर सहा रुग्ण सांभाळायची. मी तिच्या मागे उभा राहून अप्पांना बघायचो.

एका सकाळी मोठे साहेब आले. "पाहुणे येतायत. सगळ्यांनी गेटवर चला."

"मी उठले तर हे उठतील," पडद्यावरची नजर न हलवता ती तमिळमध्ये म्हणाली.

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे. आधी इथं कुणाला तरी बसवा."

एवढ्यात अप्पांनी कठड्याबाहेर पाय टाकला. ती माइकमध्ये कडाडली, "अहो, पाय आत घ्या! सिस्टर, चार नंबर!" अप्पा दचकून थांबले आणि नर्सनं धावत येऊन त्यांना धरलं.

साहेब गेटकडे निघून गेले. दुपारी तिला मेमो मिळाला.

"मी तुमच्या बाजूनं लिहून देतो," मी म्हणालो.

"माझ्यासाठी गयावया नको. इथं आणखी एक बाई हवी, तेवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. अप्पांना घरी नेलं त्या दिवशी पडद्यांसमोर दोन खुर्च्या होत्या.