कोरड्या डांबरावरचा झटका

मिस्त्री तापट होता, हे आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं त्याला सोबत न्यायची, आणि त्यातली निम्मी त्याची बोलणी खाऊन परत यायची. गुडघे गेल्यावर त्याने गॅरेज बंद केलं होतं. आता दुसऱ्यांच्या गाड्या तपासायच्या आणि घ्या किंवा घेऊ नका, एवढंच सांगायचं. पण तो ‘घेऊ नका’ म्हणाला, की त्या गाडीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मग विकणाऱ्याने किती का शपथा घेईना.

मागच्या काचेवर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं दिसलं, की त्याचं डोकं सटकायचं.

“हुरळून जाऊ नका हो! ते चिकटवायला दोन मिनिटं लागतात. खाली काय आहे ते बघा,” असं म्हणून त्याची टकळी सुरू व्हायची. एक जात अशी, की एरवी पुढच्याच दोन चाकांवर चालते, आणि ती घसरायला लागली की मागच्या चाकांना मदतीला बोलावते. ओल्या रस्त्याला, थोड्या चिखलाला झकास. पण दगडधोंड्यांच्या चढावर तासभर राबवा, आतला क्लच तापतो आणि मागची चाकं अंग काढून घेतात. दुसरी जात चारही चाकं कायम चालवते. मधे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं एक डिफरन्शियल असतं, त्यामुळे कुठल्याही रस्त्यावर सुखाने वळते, फक्त इंधन घटाघटा पिते. आणि तिसरी जुनी, गिअरशेजारी वेगळी दांडी असलेली. दांडी ओढली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. आणखी ओढली की गाडी मुंगीच्या चालीने निघते, पण भिंतसुद्धा चढेल असा जोर येतो.

“आणि ही दांडी मातीत, खडीत ओढायची,” तो बोट नाचवत सांगायचा. “कोरड्या डांबरावर ओढून गाडी वळवलीत तर झटके देणारच! वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. तुम्ही दोघांना बांधून टाकलंय. मातीत ती घसरून मोकळी होतात, डांबरावर कुठे जातील बिचारी? तो गाडीचा दोष नाही. तुमचा आहे!”

तीस वर्षं हे ऐकून त्याच्या बायकोचे कान किटले होते. आयुष्यात कधी पान्याला हात न लावलेली ती बाई, पण हे सगळं तिला पाठ होतं.

त्यांची एकुलती एक लेक नर्स होती. डोंगरातल्या आरोग्य केंद्रावरची जागा तिने स्वतः मागून घेतली. केंद्राकडे जाणारा शेवटचा सात किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसता सुट्या दगडांचा चढ, एका बाजूला दरी. घसरलेल्या गाड्या ओढून काढायला मिस्त्री तिथे दोनदा गेला होता. दुसऱ्या वेळची गाडी रिकामी नव्हती. ते त्याने घरात कधीच सांगितलं नाही.

लेकीला आपली गाडी हवीच होती, त्याशिवाय वरच्या वस्त्यांवर पोचणार कशी? तिने पहिली गाडी आणली ती मदतीला बोलावणाऱ्या जातीची. मिस्त्रीने नको म्हटलं, आणि ते खरंच होतं. दुसरीला दांडी होती, स्टिकर होतं, आणि खाली वाकून बघतो तर पुढच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्टच काढून टाकलेला! तेव्हा त्याने विकणाऱ्याला असं काही झापलं, की शेजारचे लोक खिडकीत आले.

तिसरी गाडी एका मोजणीदाराची होती. जमिनी मोजणारा माणूस, डोंगर-दऱ्यांत हिंडलेला, आदल्या वर्षी वारला होता. गाडी त्याच्या बायकोकडे पडून होती.

लेक आणि ती बाई बघत उभ्या होत्या, आणि मिस्त्री गोणपाट टाकून गाडीखाली शिरला. कुठे तेलाचा डाग नाही. गिअरपेटीतलं तेल बोटावर घेऊन हुंगलं, जळका वास नाही, लोखंडाचा कीस नाही. शाफ्ट दोन्ही हातांनी हलवून पाहिला, तसूभरही ढिला नाही. चारही टायर एका मापाचे, सारखे झिजलेले. दांडी लोण्यासारखी पडली. अशी निगा राखलेली गाडी त्याने दहा वर्षांत पाहिली नव्हती.

म्हणजे आता लेक जाणार.

तो उठला, हात पुसले, आणि म्हणाला, “बसा दोघी. चालवून बघू.” फाटकाबाहेरच्या कडकडीत कोरड्या डांबरावर त्याने दांडी ओढली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं. गाडी अडखळली. टायर किंचाळले, खालून धक्का बसला, मोजणीदाराच्या बायकोने दाराचं हँडल घट्ट धरलं.

“गेली,” मिस्त्री समोर बघत म्हणाला. “पुढच्या चाकांना जोडणारी आतली साखळी गेली. चढावर भरवसा नाही हिचा.”

बाईंनी हँडल सोडलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे हे बऱ्याच दिवसांचं असेल?”

“असेल.”

“मी बरोबर जायची त्यांच्या, मोजणीला. भीती वाटायची हो मला वरती. दर वेळी म्हणायची, नीट तपासलीत ना? ते म्हणायचे, तपासली, तू निर्धास्त बस.” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. “मग मला खोटंच सांगत होते का? शेवटपर्यंत?”

मिस्त्रीने दांडी परत ढकलली. वय झालं गाडीचं, असं काहीतरी पुटपुटून तो खाली उतरला.

घरी जेवताना लेकीने सगळं आईला सांगितलं. चिडचिड नाही, रडारड नाही. “बाबांनी गेली म्हटलं म्हणजे गेली,” ती म्हणाली. “महिन्यात पाहिलेली ही तिसरी. कार्यालयात फोन करून सांगते, गाडीची सोय होत नाही, जागा दुसऱ्या कोणाला द्या.” आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती आत गेली. मिस्त्रीला हवं होतं ते असं आयतं हातात पडलं, आणि त्याने ताट बाजूला सरकवलं.

बायको त्याच्याकडे बघत होती. “डांबरावर फिरवलीत?”

त्याने मान हलवली.

“कोरड्या डांबरावर, दांडी ओढून? लाज नाही वाटली?” ती आवाज दाबून म्हणाली. “पोरीला जाऊ द्यायचं नव्हतं तर तिच्या तोंडावर सांगायचं होतंत. मी पण सांगितलं असतं. मला काय तिची काळजी नाही? त्या बिचारीच्या मेलेल्या नवऱ्याला कशाला खोटं पाडलंत?”

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं त्याला. हात धुऊन तो तसाच आत गेला आणि लेकीला म्हणाला, “फोन नंतर कर. चल माझ्याबरोबर.” कुठे, कशाला, काही नाही.

दार मोजणीदाराच्या बायकोनेच उघडलं. मिस्त्री पायरीवरच उभा राहिला. “बाई, मी खोटं बोललो. गाडीला काहीही झालेलं नाही.” त्याने गाडीकडे बोट दाखवलं. “या जातीची गाडी कोरड्या रस्त्यावर असे झटके देतेच. दिले नसते तर बिघडली म्हणायचं. मला ते ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं, त्याचा मी फायदा घेतला. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं.”

बाईंनी चपला चढवल्या. “दाखवा,” एवढंच म्हणाल्या.

घरामागच्या मोकळ्या जागेत बांधकामाची खडी आणि माती पडली होती. मिस्त्रीने दांडी ओढली, स्टिअरिंग तसंच पूर्ण वळवलं. गाडी खडी चुरडत गोल फिरली, एकही झटका नाही. मग दांडी आणखी ओढून त्याने गाडी खडीच्या ढिगाऱ्यावर घातली, आणि ती धाप न लागता वर चढून उभी राहिली. बाईंनी या वेळी हँडल धरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

“फार वाईट केलंत तुम्ही मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “चार तास मी त्यांच्यावर रागावून बसले होते.” नंतर मागे वळून लेकीला म्हणाल्या, “गाडी तुझी. ने.”

गाडी ढिगाऱ्यावरून खाली आणल्यावर लेक उतरली ती थेट बापासमोर येऊन उभी राहिली. “का?”

“त्या रस्त्यावरून मी माणसं काढली आहेत, पोरी,” मिस्त्री म्हणाला. “भीती वाटते मला. फार भीती वाटते.”

“मग हे सांगायचं. मी ऐकलं असतं, भांडले असते, गेले असते. पण तुम्ही गाडीबद्दल खोटं बोललात, बाबा. उद्या तिकडून फोन करून ब्रेकचं काही विचारलं, तर तुम्ही सांगाल ते खरं, की मला परत बोलवायला सांगाल ते, हे मी कसं ओळखायचं?”

 

तिने गाडीत राहिलेलं गोणपाट उचललं, चाकाशी अंथरलं आणि खांद्यावरच्या पिशवीतला टॉर्च काढून गाडीखाली सरकली. मिस्त्री गुडघे धरत कसाबसा शेजारी बसला. “तो पुढचा शाफ्ट, त्याच्या टोकाला बघ,” तो सांगू लागला.

“थांबा,” ती आतून म्हणाली. “नावं सांगा फक्त. चांगलं आहे की नाही, ते मी बघते.”

तो एकेक नाव सांगत गेला. प्रत्येक नावानंतर ती दोन्ही हातांनी भाग धरून हलवून पाहायची, आणि तिचं पाहून होईपर्यंत तो गप्प बसायचा.