तिसऱ्या कडव्याआधी

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. इरफानच्या दुकानात तासभर बसलं की स्वेटरला कापूस चिकटतो ना, तसे ते चिकटतात. घरी येऊन कितीही झटका, दुसऱ्या दिवशी कुठून तरी निघतोच! मागच्या हिवाळ्यातले आमचे किस्से असेच अजून निघताहेत. काल मंग्याचा फोन आला होता. एक किस्सा आठवला म्हणून फोन केला आणि पाच सांगून ठेवला. म्हटलं, एकदाचे लिहून टाकावेत.

आधी माणसं सांगते. तिघंच आहेत, घाबरू नका.

इरफान ढोलक वाजवतो. त्याच्या अब्बांचं, म्हणजे रहीमचाचांचं, लोणारात गादी-रजईचं दुकान आहे. मंगेश, म्हणजे आमचा मंग्या, गातो. आणि मी करुणा, पेटी वाजवते. पेटी माझ्या बाबांची. तरुणपणी ते गायन पार्टीत होते, भीमगीतं गात सगळा मेहकर तालुका फिरले. मी दिवाळीनंतर मोबाइल समोर ठेवून स्वतःच शिकायला लागले. तिसऱ्या दिवशी बाबांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "पोरी, त्या पेटीनं तुह्यं काई वाकडं केलं काय?"

तर आम्ही तिघांनी मिळून एक गाणं बनवलं होतं. मुखडा माझा, दोन कडवी मंग्याची आणि तिसरं कडवं इरफानचं. गाणं प्रेमाचं होतं आणि तिघांपैकी एकालाही त्यातला अनुभव नव्हता. पण तिसरं कडवं खरंच चांगलं जमलं होतं. ते वाचून मी इरफानला विचारलं, "कुठून चोरलं बे?" तो म्हणाला, "सुचलं. रजई शिवता शिवता सुचलं."

इरफानचं आयटीआय झालेलं. चाकणला एका कंपनीत नोकरी लागली होती आणि संक्रांत झाली की जायचं होतं. म्हणून ठरलं, तो जायच्या आधी हे गाणं लोकांसमोर एकदा पुरं म्हणायचं. मुखड्यापासून तिसऱ्या कडव्यापर्यंत. बक्षीस नको, व्हिडिओ नको. एकदा, फक्त पुरं! इरफान त्यावर नुसता हसायचा. मला मात्र ते जिवाला लागून राहिलं होतं. नोकऱ्या लागल्या की माणसं सुटीपुरती उरतात, हे मी माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

*

प्रॅक्टिस चाचांच्या दुकानामागच्या खोलीत. चारी बाजूंनी छतापर्यंत कापूस, मध्ये आम्ही. हिवाळा म्हणजे रजयांचा सीझन, त्यामुळे चाचांचा नियम कडक. गिऱ्हाईक आलं की वाजवणं बंद.

एक दिवस डबल गादीचं गिऱ्हाईक आलं. चांगला भारदस्त माणूस. गादी कशी आहे ते पाहायला आडवा झाला. आम्ही आत मुखडा धरलेला, थांबायचं राहून गेलं. पहिलं कडवं संपता संपता इरफाननं पडदा सरकवून पाहिलं आणि कुजबुजला, "डोये मिटून ऐकून राह्यला बे!"

आम्ही जीव ओतला. दुसऱ्या कडव्याला माणूस घोरायला लागला.

मंग्याचं तोंड उतरलं. चाचा आत आले आणि म्हणाले, "दिल छोटा मत कर बेटा. इसकू गाना नई, गद्दी पसंद आई."

पण चाचा शेवटी दुकानदार. त्या दिवसापासून नियम उलटा झाला. गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की ते पडद्याआडून बोट हलवायचे, वाजवा! आणि सौदा पक्का झाला की लगेच हात वर, बस! सौदा दुसऱ्या कडव्याच्या पुढं कधी गेलाच नाही. तेव्हा चाचांच्या गाद्या फार चांगल्या असल्या पाहिजेत.

*

मग एका शाळेचं गॅदरिंग मिळालं. मंग्याच्या मावशी तिथं शिक्षिका. पहिला खरा कार्यक्रम! मी नवा कुर्ता शिवला.

आता आमची एक चूक ऐका. दोन महिने आम्ही कापसात वाजवत होतो. कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो. त्यामुळे आपला आवाज लहान आहे, जरा जोर लावला पाहिजे, अशी तिघांची पक्की समजूत झालेली. मंग्या बेंबीच्या देठापासून गायचा, इरफान ढोलक धोपटायचा आणि मी भात्यावर सगळा राग काढायची. आपला खरा आवाज आम्हाला माहीतच नव्हता.

शाळेचा हॉल टिनाचा! त्यात माइक!

मुखड्याच्या पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बालवाडीनं एकदम भोकाड पसरलं. मोराचा ड्रेस घातलेली एक चिमुरडी पिसाऱ्यासकट बाहेर पळाली. हेडमास्तर दोन्ही हात वर करून हलवायला लागले. आम्हाला वाटलं, सरांना आवडलं! मंग्यानं आणखी जोर लावला. शेवटी सर स्वतः धावत गेले आणि त्यांनी माइक बंद केला.

काही फरक पडला नाही.

मग पडदा ओढला. आम्ही पडद्यामागंही चालूच ठेवलं होतं, पण दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी शेतकरी नृत्याच्या मुली विळे घेऊन आत आल्या. कागदाचे का होईना, विळे होते. आम्ही उठलो.

बाबा मागच्या खुर्चीवर बसले होते. घरी आम्ही सोबतच आलो. फाटकाशी म्हणाले, "आमच्या टायमाले माइक नव्हते म्हणून आमी वरडत होतो. तुमी काऊन वरडता?"

*

गाण्यातून सुट्टी मिळाली की प्रत्येकाचे आपापले छंद होते. मंग्याला दगडांचा नाद. लोणारचं पोट्टं, सरोवर उशाशी, मग दुसरं काय होणार! खिशात दोरीला बांधलेला लोहचुंबक. दिसेल त्या दगडाला लावून पाहायचा, चिकटला की उल्का. आम्ही एकदा धामणगाव बढ्याला एका लग्नात गेलो, तर हा अक्षता पडताना मांडवाबाहेर चूल मांडलेल्या दगडांना चुंबक लावत होता. आचारी म्हणाला, "भाऊ, भात शिजू दे, मंग घेऊन जाय."

एक दिवस सकाळी फोन. "करुणे, लवकर ये व! सापडला! निरा चिपकून राह्यला, सुटताच सुटत नाई!"

दहा-बारा किलोचा धोंडा. त्यानं तो शाम्पूनं धुतला होता, टॉवेलवर ठेवला होता. आईला हळद-कुंकू वाहायला लावलं होतं. आम्ही तिघांनी तो पोत्यात घालून कॉलेजच्या भूगोलाच्या सरांकडे नेला. सरांनी चष्मा लावला, धोंडा उलटा केला, सुलटा केला, नखानं थोडं खरवडलं. आतून लोखंडी सळईचं टोक निघालं.

"वरून पडला हे खरं आहे," सर म्हणाले, "पण कोण्या तरी स्लॅबवरून."

तो धोंडा अजून मंग्याच्या अंगणात आहे. त्याची आई त्यावर कपडे आपटते. म्हणते, असा दगड मिळत नाही.

*

माझा छंद विणकाम. इरफान जाणार, चाकणला थंडी असते म्हणतात, म्हणून त्याच्यासाठी मफलर विणायला घेतला. व्हिडिओ पाहून. रंग मेहंदी. हात चांगला बसला, मफलर भराभर वाढायला लागला.

गळ्याएवढा झाला. कंबरेएवढा झाला. गुडघ्याखाली आला. मी विणतच होते.

मंग्यानं एकदा विचारलंच, "हे मफलर हाय का पायघड्या?"

खरं सांगायची लाज वाटत होती. मी व्हिडिओचा पहिलाच भाग पाहिला होता. दुसरा भाग सापडतच नव्हता. सुया काढल्या तर सगळं उसवणार, म्हणून थांबता येत नव्हतं! शेवटी इरफानच्या अम्मीनं पाहिलं. सुया माझ्या हातातून घेतल्या, दोन मिनिटांत टाके बंद केले आणि डोक्यात टपली मारली, "खतम करना आता नई और शुरू कर दी, पगली!"

त्या मफलरमध्ये इरफान आणि चाचा दोघं एकदम मावले. अम्मीनंच गुंडाळलं दोघांना. चाचा "छोड, काम पड्या है" म्हणत राहिले, पण सुटायची घाई काही केली नाही. मी दुसरीकडे बघत बसले, कारण डोळे भरून आले होते.

*

जानेवारीत मंग्याच्या मामांनी हुरड्याला बोलावलं. हिवरा आश्रमाच्या अलीकडे त्यांचं वावर. पंधरा-वीस पाहुणे. मंग्या म्हणाला, "हे आपले लोक हायेत. इथून कोनी उठत नाई, हुरडा गरम असते."

ऊन कोवळं, आगटीचा धूर, चटणी लय तिखट. आम्ही बसलो. मुखडा झाला आणि पलीकडच्या तुरीतून एकदम खसपस. दोन रानडुकरं तीरासारखी निघाली आणि नाल्यापार गेली! पाहुणे उठून टाळ्या वाजवायला लागले. मामा तर हरखूनच गेले.

"आठ दिस झाले फटाके फोडून राह्यलो," मामा म्हणाले, "हालली नाई सायची! वापस मनजो रे तेवढं."

आम्ही मुखडा पुन्हा म्हटला. मी कडव्याला सूर धरला, तर मामांनी हात केला. "ते नको. ते नरम हाय. जे डुकरानं ऐकलं तेच मना!"

वावराच्या चारी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, उभं राहून आम्ही चार वेळा मुखडा म्हटला. निघताना मामांनी किलोभर हुरडा बांधून दिला आणि विचारलं, "रोज येता काय?"

*

संक्रांत झाली. जायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटचे दुकानात बसलो. म्हटलं, लोक नाहीत तर नाहीत, चाचा-अम्मी तरी पुरं ऐकतील.

चाचा पिंजायच्या मशीनवर होते. इरफानसोबत द्यायची गादी भरायची होती. आम्ही विचारलं, "चाचा, पाच मिनिट मशीन बंद करता का?"

"बजाओ तुम. मैं सुन रा."

मशीन घरघरत होती, आम्हालाच आमचं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या कडव्यापाशी आम्ही आपसूक थांबलो. चाचांनी वळूनही पाहिलं नाही. पिंजलेला कापूस त्यांनी गोळा केला आणि पुन्हा मशीनमध्ये घातला. मग पुन्हा. एकच कापूस तिसऱ्यांदा!

इरफान ओरडला, "अब्बा, हो गया ना!"

"तू चुप बैठ," चाचा म्हणाले. "उधर पीठ को चुभना नई."

मी पेटी बंद केली. मंग्या नाक पुसायला बाहेर गेला, म्हणे कापूस गेला नाकात.

*

सकाळच्या बसनं इरफान गेला. ढोलक त्यानं आमच्याकडेच ठेवलं, कंपनीच्या रूमवर कुठं वाजवणार! बस सुटताना मी हात हलवला आणि घरी येऊन बाबांशी विनाकारण भांडले. गाणं राहिलं ते राहिलंच.

पाऊण तासानं फोन. इरफान.

"बस बंद पडली बे. सुलतानपूरच्या पुढं. दुसरी याले टाइम हाय." मग म्हणाला, "चाळीसेक लोक हायेत. बंदे रस्त्यावर बसून हायेत. कोनाले कुठीच जाता येत नाई!"

मी चपलाही धड घातल्या नाहीत. पेटी स्कूटीवर पायांत, मागं मंग्या, त्याच्या गळ्यात ढोलक. वाटेत तो एकच वाक्य म्हणत होता, "हळू गाजो म्हन मले. हळू गाजो म्हन."

बस बाभळीखाली उभी. लोक उन्हाला बसलेले. इरफानच्या गुंडाळलेल्या गादीवर एक आजी ऐसपैस बसली होती. कंडक्टर फोनवर कोणाला तरी झापत होता. आम्ही धुऱ्यावरच बैठक मारली आणि कोणाला काही न विचारता सुरुवात केली.

मोकळ्या रानात, हळू. मुखडा झाला. पहिलं कडवं झालं. एक बाळ झोपलं, दोन माणसं जवळ सरकली. दुसरं कडवं झालं.

आणि दुसरी बस आली! ड्रायव्हरनं लांबूनच हॉर्न धरला. आम्हाला सवयच लागलेली. तिघांचेही हात एकदम थांबले. मंग्या उठून पँट झटकायलाही लागला.

लोक पिशव्या घेऊन उठले, तेवढ्यात कंडक्टरनं विचारलं, "झालं काय?"

"एक कडवं राह्यलं," इरफान म्हणाला.

कंडक्टरनं नव्या बसकडे तोंड केलं आणि शीर ताणून ओरडला, "बंद कर बे तो भोंगा! यांचं एक कडवं राह्यलं!"

हॉर्न बंद झाला. ज्यांनी पिशव्या उचलल्या होत्या ते पिशव्या घेऊनच उभे राहिले. आम्ही तिसरं कडवं म्हटलं. पुरं म्हटलं. शेवटच्या ओळीला मंग्याचा आवाज फाटला आणि तो तसाच गात राहिला.

टाळी एकानंही वाजवली नाही. गाणं संपलं तसे सगळे जागा पकडायला पळाले! इरफाननं ढोलक माझ्या हातात कोंबलं, गादी खांद्यावर टाकली आणि सगळ्यांत शेवटी चढला. निरोप-बिरोप काही झालाच नाही. खिडकीतून आम्हाला तो दिसत होता. आत उभा, बसायला जागा नाही, मान खाली, आणि बोटं मात्र समोरच्या सीटच्या दांड्यावर चालूच.

त्या सीटवर तीच आजी होती. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, त्याला दंडाला धरून शेजारी खाली ओढलं आणि आम्हाला बाहेर ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "बस इथी. आन् हात मांडीवर ठेव."