ताकही पाण्यातच धरायचं

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाणी कमी प्या." आम्ही पाणी कमी केलं. मी तर त्यांच्या उशाजवळचा तांब्यासुद्धा उचलून ठेवला. पण उन्हाळा होता, जीव कासावीस व्हायचा, म्हणून दोन्ही वेळा ताक देत होते. निफाडहून नणंदेनं पाठवलेली द्राक्षं होती, जेवणात पातळ आमटी होती. आठवडाभरात त्यांचे पाय सुजले, धाप लागली, आडवं होता येईना.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पाणी किती दिलंत?"

"शपथ घेऊन सांगते, थेंबभरही जास्त नाही."

मग तिनं ताकाचं विचारलं, चहाचं विचारलं. ते सगळं पाण्यातच धरायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. ते बरे होऊन घरी आले, पण माझ्याच हातून हे झालं या विचारानं कित्येक दिवस घास उतरत नव्हता.

पुढं दोनेक वर्षांनी दवाखान्यानं पेशंट आणि नातेवाइकांची एक समिती काढली. त्याच नर्सनं माझं नाव दिलं. मी म्हणाले, "मी सातवी शिकलेली, ब्लाउज शिवणारी बाई. मी काय सांगणार?"

"काकू, आठवड्यातून तीनदा इथं बसता. आम्हाला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं."

पहिल्या दोन बैठकांत मी नुसता चहा पिऊन आले. तिसऱ्या बैठकीत डॉक्टर वैतागून म्हणाले, "पेशंट ऐकतच नाहीत. कितीही सांगा, अंगात पाणी साठवून वजन वाढवूनच येतात."

मी शाळेतल्यासारखी उभीच राहिले. "डॉक्टर, आम्ही ऐकतो. तुम्ही पाणी म्हणालात, आम्ही पाणी तोडलं. ताकाचं कुणी सांगितलंच नाही."

आता आपल्याला परत बोलवत नाहीत, असं मला वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग कसं सांगायला हवं होतं?"

"दाखवून."

पुढच्या वेळी घरची बाटली घेऊन गेले. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच तिच्यात भरायचं. चहा, ताक, आमटी, जे काही पोटात जाईल, तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली संपली की त्या दिवसाचं पिणं संपलं. आता नव्या प्रत्येक पेशंटला अशी मापाची खूण केलेली बाटली मिळते आणि दर मंगळवारी मी त्यांच्या घरच्यांबरोबर बसते.

पिंपळगावची एक बाई आली होती, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाणारी. म्हणाली, "मावशी, ह्यांना ताक लय लागतं. माझं ऐकायचे नाय."

"तुम्ही बोलूच नका. बाटली समोर ठेवा."

दोन आठवड्यांनी तिच्या नवऱ्याचं वजन बेताचं निघालं. मी पोचले तेव्हा ती सिन्नरच्या एका आजींना बाटली ओतून दाखवत होती, माझ्यापेक्षाही सोपं करून. मी मध्ये पडले नाही.

तेवढ्यात पलीकडून आमच्या ह्यांचा आवाज आला. मशीनला जोडलेले, शेजारच्या पेशंटला सांगत होते, "ती बाटली आमच्या हिच्या डोक्यातून निघालीय."

तीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या शिवणकामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग पांघरूण सारखं करायच्या निमित्तानं जवळ जाऊन उभी राहिले, पुन्हा म्हणतात का बघायला.